संदर्भ म्हणजे पुरावा, तो मांडायला शिकलेच पाहिजे!

गेल्या महिन्यात पनवेलच्या माझ्या कार्यालयात समाजातील एक मुलगी आली. रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. वडील कंपनीत हेल्पर, आई चार घरची धुणीभांडी करते. घरातली पहिली पदवीधर. खाडीच्या पाण्यातील जड धातूंवर दोन वर्षे राबून तिने शोधनिबंध लिहिला होता आणि एका विज्ञान जर्नलने तो परत पाठवला होता. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "सर, माझं संशोधनच चुकलं वाटतं." मी संपादकांचे पत्र वाचले. त्यात संशोधनाविषयी एक शब्दही नव्हता. निबंध तज्ज्ञांपर्यंत पोहोचलाच नव्हता. संदर्भ जर्नलच्या पद्धतीने दिलेले नाहीत, दुरुस्त करून पाठवा, एवढेच त्यात होते. मार्गदर्शकांनी "बाहेरून करून घे" म्हणून सांगितले आणि टायपिंगवाल्याने तीन हजार रुपये मागितले!

मी वकील माणूस. रसायनशास्त्रातले मला ओ की ठो कळत नाही. पण संदर्भ कसा द्यायचा हे कळते, कारण त्यावरच आमचे पोट चालते. मी तिला आपल्याच जिल्ह्यातला एक संदर्भ कागदावर लिहून दाखवला : नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, ऑल इंडिया रिपोर्टर १९३८ बॉम्बे १४६. हा महाडच्या चवदार तळ्याचा खटला! १९२७ च्या सत्याग्रहानंतर सनातन्यांनी कोर्टात धाव घेतली. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून आहे, असा त्यांचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशी अनादि रूढी वादींनी सिद्ध केलेली नाही. हजारो वर्षांच्या गप्पा मारणाऱ्यांना कोर्टात पुरावा देता आला नाही! आज कोणालाही त्या एका ओळीवरून हा निकाल काढता येतो. वर्ष १९३८, पान १४६.

शोधनिबंधातला संदर्भ याहून वेगळा नाही. कोणी लिहिले, काय लिहिले, कुठे छापले, वर्ष, खंड, पान. फरक फक्त क्रमाचा आणि विरामचिन्हांचा. वैद्यकाच्या जर्नलांत व्हँकुव्हर पद्धत चालते. १९७८ साली कॅनडातील त्या शहरात संपादकांची बैठक झाली, म्हणून हे नाव. त्यात मजकुरात फक्त आकडा येतो आणि ज्या क्रमाने संदर्भ येतील त्याच क्रमाने शेवटी यादी लागते. दुसरी पद्धत लेखकाचे आडनाव आणि वर्ष देण्याची, त्यात यादी आडनावांच्या वर्णानुक्रमाने लागते. कोणती पद्धत हवी ते प्रत्येक जर्नलच्या 'लेखकांसाठी सूचना' या पानावर लिहिलेले असते. आपली मुले निबंध लिहितात, पण ते पान वाचत नाहीत. कारण ते वाचायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

तिच्या चुका काय होत्या? मजकुरात चौदावा आकडा, यादीत तो निबंध तेरावा. काही ठिकाणी जर्नलचे पूर्ण नाव, काही ठिकाणी संक्षेप. डीओआय हा निबंधाचा कायमचा क्रमांक कुठे आहे, कुठे नाही. आपल्याकडे दाखल्यावर आडनाव आधी लिहितात, त्यामुळे काही भारतीय लेखकांची आडनावे नावे झाली होती आणि नावे आडनावे! दोन संदर्भ तर तिने मूळ निबंध न वाचताच दुसऱ्याच्या यादीतून उचलले होते. पहिल्या चुका दुरुस्तीच्या आहेत. ही शेवटची मात्र गुन्ह्याची आहे, हे मी तिला स्पष्ट सांगितले. न वाचलेला साक्षीदार कोर्टात उभा करायचा नसतो.

काही जण म्हणतील, हे प्रस्थापितांचे सोवळे-ओवळे आहे, आपण का पाळायचे? बाबासाहेबांकडे पाहा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. वय अवघे २५! मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी' या जर्नलमध्ये छापून आला. सुरुवातीलाच त्यांनी सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या नावानिशी पुढे ठेवल्या, एकेक तपासली आणि मग स्वतःचे मत मांडले. समोरच्याचे म्हणणे त्याच्या नावाने मांडून खोडून काढणे हे सोवळे नव्हे, ही लढाईची शिस्त आहे.

आणि संदर्भ नसले तर काय होते तेही आपण भोगले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला, तेव्हा त्यात मूळ ग्रंथांचे संदर्भ नव्हते. भदंत आनंद कौसल्यायन यांनी पाली वाङ्मय धुंडाळून ते शोधले आणि आपल्या हिंदी अनुवादात दिले. आज मात्र आपल्याच कार्यक्रमांत, पत्रकांत, मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने वाटेल ती वाक्ये फिरतात. खंड नाही, पान नाही! महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी सांगितले आहे की, हे मी भगवंतांच्या तोंडून ऐकले असे कोणी म्हणाला तरी लगेच स्वीकारू नका, नाकारूही नका, सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहा. मग आपण का ताडून पाहत नाही?

हा प्रश्न पोटापाण्याचाही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार शोधप्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत दुरुस्ती, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर प्रबंध सादर करायला बंदी आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. म्हणजे संदर्भ नीट देणारा सुटतो आणि न शिकवलेला चोर ठरतो! आता संगणकाकडून संदर्भ लिहून घेण्याची नवी खोड लागली आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी असे अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दिले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. आपल्या मुलामुलींनी त्या वाटेला जाऊ नये.

संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आयोगाने पीएच.डी.साठी २०१९ पासून सक्तीचा केला आहे. तो कागदावर उरकला जातो की शिकवला जातो, हे विद्यार्थी संघटनांनी प्रत्येक महाविद्यालयात जाऊन विचारले पाहिजे. आधी शिकवा, मग शिक्षा करा, ही आपली मागणी असली पाहिजे. आणि जे आपल्या हातात आहे ते आपण करू या. झोटेरो हे संदर्भ लावणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात एकदा नोंद बिनचूक केली की पद्धत बदलणे हे मिनिटांचे काम असते. संशोधकाला कायमचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांकही फुकट मिळतो. लग्नानंतर नाव बदलले किंवा जात सांगणारे आडनाव सोडले तरी तिचे काम तिच्याच नावावर राहते.

त्या मुलीबरोबर मी दोन रविवार बसलो. ५२ संदर्भ एकेक करून मूळ निबंधाशी ताडले. न वाचलेले दोन तिने मिळवून वाचले. त्यातला एक तिच्या मुद्द्याला लागूच नव्हता, तो तिने स्वतः काढून टाकला. निबंध पुन्हा गेला आहे आणि या वेळी तज्ज्ञांकडे पोहोचला आहे. ते काय म्हणतील ते म्हणोत, आता चर्चा तिच्या संशोधनावर होईल. टायपिंगवाल्याचे तीन हजार वाचले. येत्या वर्षावासात आपल्या विहारांतून रविवारचा एक तास यासाठी ठेवावा. शिकलेल्यांनी शिकवायला यावे, मी येतो.

जय भीम!