वॅट नव्हे, ल्युमेन विचारा

मागच्या दिवाळीआधी आम्ही सातवीतल्या एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. आजींनी पोहे पुढे केले, त्यावर आपल्या इंदुरी रिवाजाप्रमाणे भरपूर शेव. मुलगा भिंतीकडे तोंड करून टेबलावर गणिते सोडवत होता. खोलीच्या मधोमध, छताला, डोळे दिपवणारा पांढराशुभ्र एलईडी बल्ब. वडील कौतुकाने म्हणाले, "सर, मुद्दाम पंधरा वॅटचा लावला आहे. अभ्यासात डोळ्यांना त्रास नको." पण दिवा मुलाच्या पाठीमागे असल्याने त्याच्याच डोक्याची सावली वहीवर पडत होती. खोली लख्ख आणि वही अंधारात!

पालकांचा यात दोष नाही. 'किती वॅटचा?' हाच प्रश्न आपण सगळे वर्षानुवर्षे विचारत आलो. मालव्यात जुनी मंडळी ज्याला लट्टू म्हणत, त्या तारेच्या बल्बच्या काळात तो चालूनही जाई, कारण 60 वॅटचा कोणताही लट्टू घेतला तरी उजेड साधारण 700 ल्युमेनच मिळे. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. ल्युमेन म्हणजे तो किती उजेड देतो. (आमचे बी.एस्सी. हिंदी माध्यमातले. तिथे याला 'ज्योति फ्लक्स' म्हणत. मराठीत काय म्हणतात हे शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारले, तर त्याही ल्युमेनच म्हणाल्या.) आता महारानी रोडवर 9 वॅटचे दोन बल्ब हातात घेऊन डबे वाचा. आम्ही वाचले. एकावर 900 ल्युमेन, दुसऱ्यावर 720. वीज तेवढीच, उजेड पाचव्या हिश्श्याने कमी. दुकानदाराने मात्र दोन्ही 'नऊ वॅट' म्हणूनच पुढे केले होते.

बचतीबद्दल वाद नाही. रोज पाच तास जळणारा 60 वॅटचा बल्ब वर्षाला सुमारे 110 युनिट खातो, 9 वॅटचा एलईडी साधारण 16. सात रुपये युनिट धरले तरी एका दिव्यामागे साडेसहाशे रुपये वाचतात. जानेवारी 2015 मध्ये केंद्राची उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत 2014 साली 310 रुपयांना पडणारा बल्ब 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. हे मोठेच काम झाले. पण त्याबरोबर 'एलईडी म्हणजे स्वस्तात स्वस्त उचलायची वस्तू' अशी सवयही लागली, आणि आमची तक्रार त्या सवयीबद्दल आहे.

कारण पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. लाल एलईडी 1962 सालीच तयार झाला होता, निळ्यासाठी मात्र पुढे कित्येक वर्षे लागली. कामाचा निळा एलईडी साधल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकीचे नोबेल मिळाले. या निळ्या दिव्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप देतात आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरे दिसते. लेप हलका असला की निळेपणा उरतो आणि लाल रंग फिका पडतो. स्वयंपाकघरात असा दिवा असेल तर पालकाचे पिवळे पडलेले पान पटकन ओळखू येत नाही आणि टोमॅटो निस्तेज दिसतो. डब्यावर सीआरआय नावाचा आकडा शोधावा. 80 च्या खाली घेऊ नये; स्वयंपाकघरासाठी 90 मिळाला तर उत्तम.

दुसरा आकडा केल्विनचा. 6500 म्हणजे निळसर पांढरा, 4000 मधला, 2700 लट्टूसारखा पिवळसर. आपल्या घरांत सर्रास 6500 लागतो, कारण ट्यूबलाइटने आपल्याला त्याचीच सवय लावली आणि 'पिवळा दिवा म्हणजे गरिबी' असे डोक्यात बसले. आम्हाला हे पटत नाही. अभ्यासाला 4000 पुरे, आणि रात्री जेवणानंतर बैठकीत पिवळसर दिवाच बरा. रात्री उशिरापर्यंतचा निळसर उजेड झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनला आवर घालतो. मुले सकाळच्या प्रार्थनेत पेंगतात, त्याचे खापर मात्र एकट्या मोबाइलवर फुटते.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या तीन वर्गांत आम्ही सर्वांत कमी दराच्या एलईडी पट्ट्या बसवल्या. महिन्याभरात काही मुले डोके दुखते म्हणू लागली. आधी आम्ही त्याला अभ्यास टाळण्याचे निमित्त समजलो. मग एका शिक्षकांनी मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरला, तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. आपली वीज 50 आवर्तनांची, त्यामुळे आतला ड्रायव्हर निकृष्ट असला की दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्यांना हे जाणवत नाही, पण काहींना त्याने डोकेदुखी होते. तिन्ही वर्गांतल्या पट्ट्या बदलल्या, वाचवलेले पैसे त्यातच गेले. घरी ही परीक्षा प्रत्येकाने करून पाहावी, दुकानात तर जरूर.

'25,000 तास चालेल' असे डब्यावर लिहिलेले असते. तेवढ्यात उजेड 70 टक्क्यांवर येतो, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक बल्ब त्याच्या खूप आधी जातात ते ड्रायव्हर तापल्यामुळे. गॅलरीतल्या जुन्या बंद काचेच्या हंडीत एलईडी लावला की हेच होते.

विश्वस्त मंडळासमोर लवकरच उरलेल्या वर्गांच्या दिव्यांचा विषय येईल. आमचे म्हणणे इतकेच, की दरपत्रक मागवतानाच ल्युमेन, 80 च्या वरचा सीआरआय, बीआयएस नोंदणी क्रमांक आणि दोन वर्षांची हमी या अटी लिहाव्यात. कमी-जास्त दर त्यानंतर पाहावा.

त्या सातवीतल्या मुलाकडे आता पाच-सहाशे ल्युमेनचा टेबल-लॅम्प आहे. तो उजव्या हाताने लिहितो, म्हणून लॅम्प डावीकडे, वहीपासून हात-दीड हातावर. छतावरचा पंधरा वॅटचा बल्ब वडिलांनी काढून जिन्यात लावला. पालकांनी नवा दिवा घेतला की बिल जपावे, बल्बच्या बुडाशी मार्करने तारीख लिहावी, आणि डबा वाचता येत नसेल तर मुलाबरोबर शाळेत पाठवावा. आम्ही वाचून देऊ.