लग्न हे औषध नव्हे

लग्नाच्या आदल्या रात्री नवऱ्या मुलानं स्वतःला गोळी घालून घेतली. मुलगा चांगला लष्करात अधिकारी. आईवडिलांना खरं सांगण्याची ताकद माझ्यात नाही, असं तो आपल्या डॉक्टरला लिहून गेला. त्याला बायकांबद्दल ओढ नव्हती, पुरुषांबद्दल होती. गोष्ट जर्मनीतली, सव्वाशे वर्षांहून जुनी. म्हणजे मोबाइल आणि टीव्ही तर सोडाच, रेडिओसुद्धा यायचा होता. 'हे सगळं हल्ली बाहेरून आलेलं खूळ' असं म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं.

त्या डॉक्टरचं नाव माग्नुस हिर्शफेल्ड. तरुण, ज्यू आणि स्वतःही समलिंगी. या मृत्यूनं तो हलला आणि १८९६ साली त्यानं या विषयावर एक पुस्तिका लिहिली, तीही टोपणनावानं. जर्मनीत तेव्हा कलम १७५ होतं. पुरुषापुरुषातल्या संबंधांना तुरुंग. या कायद्यानं नीती किती सुधारली देव जाणे, पण 'पोलिसांना सांगेन' म्हणून पैसे उकळणाऱ्यांचं मात्र चांगलं फावलं. १८६७ साली कार्ल उलरिक्स नावाच्या वकिलानं म्युनिकमध्ये कायदेपंडितांच्या सभेत उभं राहून अशा कायद्यांविरुद्ध बोलायचा प्रयत्न केला, तर आरडाओरडा करून त्याला खाली बसवलं. तीस वर्षांनी, मे १८९७ मध्ये, हिर्शफेल्डनं बर्लिनमध्ये समितीच काढली. या लोकांच्या हक्कांसाठी निघालेली ती जगातली पहिली संघटना. कलम रद्द करा म्हणून सह्यांची मोहीम सुरू झाली. पुढे त्या अर्जावर आइनस्टाइनचीही सही होती!

पण मला या इतिहासात सगळ्यात जवळची वाटते ती ॲना रुलिंग. ही पत्रकार. ऑक्टोबर १९०४ मध्ये याच समितीच्या सभेत ती भाषणाला उभी राहिली. तिचा सवाल सरळ होता : स्त्रियांच्या चळवळीत आमच्यासारख्या कितीतरी जणी राबतात, त्यांचं काम चळवळीला चालतं, मग त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायची वेळ आली की सगळ्या गप्प का? आणि ज्यांना ओढच नाही अशांना लग्नात ढकलू नका, त्यात कोणाचंच भलं नाही, हेही तिनं बजावलं. पुढे १९०९ साली सरकारनं नव्या मसुद्यात हे कलम बायकांनाही लावायचं ठरवलं. तेव्हा मात्र हेलेन स्टॉकर आणि मातृरक्षणासाठी काम करणाऱ्या तिच्या सहकारी विरोधात उभ्या राहिल्या. दोन बायका एका खोलीत राहतात म्हणून त्यांच्यावर पोलीस येणार असतील, तर एकटी राहणारी कुठलीच बाई सुरक्षित नाही. माझ्या मते तरी हे ओळखायला फार मोठं शास्त्र लागत नाही. तो मसुदा काही कायदा झाला नाही.

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या पुरवणीत का, ते आता सांगते. समुपदेशनाला बसते तिथं 'लग्न करून टाका, येईल ताळ्यावर' हे वाक्य मला अजून ऐकू येतं. मुलगा दारू पितो, लग्न करा. कामधंदा करत नाही, लग्न करा. मुलींमध्ये रस नाही, मग तर लवकर करा! हे औषध म्हणजे कोणाची तरी बावीस वर्षांची लेक असते, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली की तीच 'वांझ' ठरते, बाबाबुवांचे अंगारेधुपारे तिच्याच पदरात. नवरा वाईट नसतो हो. तोही गुदमरलेलाच असतो. पण रात्री भिंतीकडे तोंड करून झोपणारी बाई 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' असं समजून आयुष्य काढते. तिला आपण काय उत्तर देणार?

हिर्शफेल्डचं सगळंच मला पटतं असं नाही. शस्त्रक्रियेनं माणूस 'बदलेल' या समजुतीच्या नादी तोही काही काळ लागला होता. पण १९१९ साली त्यानं बर्लिनमध्ये जी लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली, तिथं नवराबायकोला सल्ला मिळे, संततिनियमनाची माहिती मिळे, आणि लाजणाऱ्यांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून पेटीत टाकायची सोय होती. ६ मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी ती संस्था लुटली. चार दिवसांनी भर चौकात पुस्तकांची होळी झाली, त्यात संस्थेचं ग्रंथालय गेलं. हिर्शफेल्ड परदेशात होता. आपली पुस्तकं जळताना त्यानं पॅरिसच्या सिनेमागृहात, बातमीपटात पाहिली. १९३५ साली तो परक्या देशातच वारला. कलम १७५ पूर्णपणे जायला १९९४ उजाडलं. आपल्याकडे ३७७ चा अर्थ सुप्रीम कोर्टानं बदलला तो ६ सप्टेंबर २०१८ ला.

आणि हे सारं परदेशातलंच समजू नका. तशी पेटी आपल्याकडेही होती. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, १९२७ पासून मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत आणि वाचकांच्या पत्रांना त्यात उघडपणे उत्तरं देत. समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नालाही. अशाच उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. कर्व्यांना दंड झाला. 'समाजस्वास्थ्य' मात्र १९५३ साली ते जाईपर्यंत निघत राहिलं.