आंबलेल्या मधाला औषधालयात थारा नको

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील १३ नाममुद्रांच्या मधाची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी केवळ ३ सर्व चाचण्यांना उतरल्या. तेव्हापासून वैद्यवर्तुळात मधाचा विषय निघाला की बोलणे साखरेच्या पाकाच्या भेसळीवर येऊन थांबते. ती चिंता रास्तच आहे; परंतु पूर्णतः निर्भेळ मधही औषधास अपात्र ठरू शकतो, याचा विचार आपल्याकडे अभावानेच होतो. हा दोष पाण्याचा आहे, व त्याचे दृश्य फल म्हणजे मधाचे आंबणे.

साखरेच्या दाट द्रावणातही तग धरणारी किण्वे प्रत्येक नैसर्गिक मधात थोडीबहुत असतात. पाण्याचा अंश १७ टक्क्यांच्या आत असेपर्यंत ती निष्क्रिय राहतात. तो २० टक्क्यांकडे सरकला की मधास फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि डब्याचे झाकण फुगते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने पाण्याची कमाल मर्यादा २० टक्के ठेवली आहे. म्हणजेच कायद्याने निर्दोष असलेला मधही आपल्या फडताळात आंबू शकतो. त्यातच मध हवेतील ओलावा शोषून घेतो. कोकणातील वा घाटमाथ्यावरील पावसाळ्यात सैल झाकणाचा डबा काय होतो, हे औषधालयचालकांस सांगावयास नको. मध थिजून खाली दाणे बसले की वरचा पातळ भाग अधिक पाणीदार होतो व तेथूनच आंबण्यास आरंभ होतो.

आपल्या शास्त्राने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४५व्या अध्यायात पक्व मध त्रिदोषहर, तर आम व अम्ल मध त्रिदोषकर सांगितला आहे. माश्यांनी पंखांच्या वाऱ्याने आटवून ज्या घरांची तोंडे मेणाने बंद केली, त्यांतील मध तो पक्व, असा अर्थ घेण्यास प्रत्यवाय नसावा. उघड्या घरांतून घाईने काढलेला मध तो आम. आणि तोच पुढे अम्ल होतो.

व्यापारात यावर योजला जाणारा उपाय हा खरा चिंतेचा विषय आहे. आंबलेला मध परत जातो, सुमारे ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापविला जातो, गाळला जातो आणि स्वच्छ, चमकदार होऊन पुन्हा विक्रीस येतो. उष्णतेने किण्वे मरतात, फेस जातो. पण निर्माण झालेले आम्ल जात नाही. शिवाय मधातील विकरे क्षीण होतात व हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरालचे प्रमाण वाढते. वमन व निरूहाचा अपवाद सोडता उष्ण मधाचा निषेध बृहत्‌त्रयीने एकमुखाने केला आहे. च्यवनप्राशाचा पाक पूर्ण थंड झाल्यावाचून आपण त्यात मध घालत नाही. मात्र तो मध डब्यात येण्यापूर्वीच भट्टीवर चढून आला आहे काय, हे विचारत नाही. ही विसंगती आपणच दूर केली पाहिजे.

आंबलेला मध आसवात खपवावा, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. लोध्रासवात मध आहेच, मग बिघडले कोठे? संधान ही द्रव्य, मान, पात्र व काल यांनी नियमित केलेली क्रिया आहे. अज्ञात किण्वांनी, अज्ञात काळ चाललेला बिघाड म्हणजे संधान नव्हे. असा मध माश्यांनाही परत पाजू नये, त्यांना अतिसार होतो. फार तर त्याचा शिरका करावा.

या दोषाचे एक मूळ जुन्या पोळ्यात आहे. एक किलो मेण तयार करण्यास माश्यांचा साधारणतः ६ ते ८ किलो मध खर्ची पडतो, असे मानले जाते. म्हणून मध काढून घेतलेली पोळी मधपाळ पुन्हा वापरतात, व ते योग्यच आहे. मात्र मधाने ओली पोळी तशीच ठेवली तर त्यांतील अवशेष आंबतो आणि पुढील हंगामाच्या मधास विरजण लागते. ती ठेवण्यापूर्वी माश्यांकडून चाटून कोरडी करून घ्यावयास हवीत. वर्षानुवर्षे पिलावा वाढविलेली काळी पोळी तर वितळवूनच टाकावीत. परंतु ते मेणही आपल्या कामाचे नाही. कोळीनाशक औषधे मेणात मुरतात व वितळविल्याने निघत नाहीत. जात्यादि घृत व्रणावर लावावयाचे असते. त्यातील सिक्थ मधाच्या घरांवरील झाकणांचेच असावे.

यास्तव माझी सूचना अशी : खरेदीच्या वेळी रिफ्रॅक्टोमीटरने पाण्याचा अंश पाहावा व १८ टक्क्यांहून अधिक असलेला मध औषधाकरिता घेऊ नये. मध तापविलेला नाही असे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. चौकटीतील किमान तीनचतुर्थांश घरे बंद झाल्यावर मध काढणाऱ्या मधपाळाशी थेट व्यवहार ठेवावा. त्याला थांबावे लागते व त्याचे उत्पन्न घटते, म्हणून त्यास अधिक दर द्यावा. स्वस्त मधाची मागणी आपणच करावयाची आणि पक्व मधाची अपेक्षाही धरावयाची, हे न्याय्य नव्हे. एकट्या औषधालयास हे जड जात असेल, तर एका तालुक्यातील चार-पाच जणांनी मिळून खरेदी करावी. योगवाही म्हणून ज्याच्या हाती आपण औषध सोपवितो, तो मध स्वतः निर्दोष असणे ही रुग्णाप्रती आपली प्राथमिक जबाबदारी आहे.