मुकुट कुणाचा, राज्य कुणाचे?

मी शाळामास्तर. मॅट्रिकपुढे माझी गाडी गेली नाही; तरी चार कादंबऱ्या लिहिण्याचे धाडस केले आहे. विद्वानांनी हे लिखाण अडाण्याची कटकट म्हणून सोडून दिले तरी चालेल. पण बोलल्यावाचून राहवत नाही.

गडचिरोलीकडच्या आमच्या शाळेत मी कित्येक वर्षे जोसेफिनची गोष्ट मोठ्या रंगात येऊन सांगत आलो. मार्टिनिक बेटावरची मुलगी, १८०४ साली नेपोलियनने स्वहस्ते तिच्या मस्तकी मुकुट ठेवला, ती फ्रान्सची सम्राज्ञी झाली! नेपोलियनला तिच्यापासून मूल होईना, तेव्हा १८०९ च्या डिसेंबरात त्यानेच काडीमोड घेतला. पदवी राहिली, संसार गेला. वर्ग हळहळे, मीही डोळे पुसत असे.

एकदा एका गोंड मुलीने विचारले, “मास्तर, आपल्याकडं राणी नव्हती का?”

वाचकहो, मला घाम फुटला! राणी होती. हा सारा मुलूख ज्या चांद्याच्या गादीखाली होता, त्याच गादीची राणी हिराई. अठराव्या शतकाच्या आरंभी तिचा नवरा बीरशहा मारला गेला. गादीला वारस नव्हता. हिराई कोपऱ्यात बसली नाही. तिने रामशहाला दत्तक घेतले आणि तो अजाण असेतो राज्याचा गाडा स्वतः हाकला. जोसेफिनचे आसन वारसाअभावी गेले. हिराईने वारसाअभावी डगमगणारे आसन सावरले. मग खरी राज्यकर्ती कोण?

पण आम्ही तिचे काय केले? अंचलेश्वराजवळ तिने बांधलेली बीरशहाची समाधी पाहुण्यांना दाखवतो आणि म्हणतो, “हा आमच्या चंद्रपूरचा ताजमहाल!” झाले! एका वाक्यात राज्यकर्तीची शोकाकुल विधवा करून टाकली. चैत्रात महाकालीच्या यात्रेला माणसांचा पूर लोटतो. ते देऊळही हिराईनेच बांधविले असे सांगतात. त्या गर्दीतल्या किती जणांच्या ओठी तिचे नाव असते?

कुणी म्हणेल, पतिप्रेमाचे कौतुक केले तर बिघडले कुठे? बिघडले ते इथे, की कौतुक तेवढ्यावरच थांबते. पुरुषाने राज्य केले की पराक्रम, आणि बाईने केले की पातिव्रत्य, हा कुठला न्याय? समाधी दगडाची असते, ती दिसते. राज्यकारभार दिसत नाही. तो सांगावा लागतो. आणि सांगायचा कुणी? माझ्यासारख्या मास्तराने, कादंबरीकाराने. मी मात्र पॅरिसला जाऊन बसलो होतो!

जोसेफिनसाठी रडा, तिच्यावर अन्याय झालाच. परंतु हिराईसाठी अश्रू नकोत. तिच्या नावापुढे फक्त ‘समाधी बांधली’ असे लिहू नका. आधी लिहा, ‘राज्य केले.’ त्या मुलीला मी एवढे देणे लागतो.