म्हाताऱ्यांची भूक कोण खातो?

"आतां वय झालें, भूक लागत नाहीं," असें घरांतली म्हातारी बोलली कीं आपण मान डोलावतों व ताट उचलतों. ही समजूत आमच्या बहुजन समाजानें एकदां तपासून पाहावी. वयानें भूक मंदावते हें खरें. पण उरलेली भूक पुष्कळदां चिंता खाते, आणि दोष मात्र वयाच्या माथीं बसतो.

याचें कारण शरीरांत आहे, संचितांत नाहीं. मनाला घोर लागला कीं मूत्रपिंडांवरच्या ग्रंथि कॉर्टिसॉल नांवाचा रस रक्तांत अधिक सोडतात. घोर महिनोन् महिने टिकला म्हणजे झोप उडते, पचन बिघडतें, अंगावरचें मांस झिजूं लागतें. तरुण माणूस ती झीज लवकर भरून काढतो. म्हाताऱ्याचें गेलेलें मांस सहजीं परत येत नाहीं. मग तोल जातो, पडणें होतें, आणि खाट धरली कीं ताट आणखी लहान होतें.

आमच्या नागपुरांत हा घोर कोठून आला, हें सांगावयास ज्योतिषी नको. १८७७ सालीं सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ सालीं बंद पडली. अशा कामगारांच्या १९९५ च्या योजनेंत किमान निवृत्तिवेतन २०१४ सालीं ठरलें, तें महिना १,००० रुपये! श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ सालीं १,००० वरून १,५०० झाली, म्हणजे रोजचे पन्नास रुपये. त्यांतच दूध, त्यांतच औषध. शिवाय दर वर्षीं 'मी जिवंत आहें' असा दाखला द्यावयाचा, आणि रेशनच्या दुकानांत यंत्रापुढें आंगठा धरून उभें राहावयाचें. ज्या हातांनीं जन्मभर सूत ओढलें, माती उपसली, त्यांच्या रेषा यंत्राला सांपडत नाहींत. रिकामी पिशवी घेऊन परतलेल्या आजीला घास गोड कसा लागावा?

यावर पुराणिकबुवांचा उपदेश तयारच असतो: एकादशी धरा, चातुर्मास पाळा, म्हातारपणीं जिभेला आवरा. उपासाच्या साबुदाण्यांत पिष्टाखेरीज जवळजवळ कांहीं नाहीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशेबानें प्रौढ माणसाला दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें लागतात. म्हणजे पन्नास किलोच्या आजीला एकेचाळीस ग्रॅमच्या वर. एका अंड्यांत असतात सुमारें सहा. बुवांनीं बाकीचा हिशेब जुळवून दाखवावा.

लेकांना व सुनांनाही एक सांगणें आहे. "जेवतां का?" असें दारांतून विचारूं नये, वाढून शेजारीं बसावें. घट्ट वरण, अंडें, दुधांत कुस्करलेली भाकर हें एकट्यानें खाववत नाहीं तें सोबतीनें पोटांत जातें. आणि म्हातारीचें पासबुक तिच्याच उशाखालीं असूं द्यावें. चार रुपयांसाठीं मुलापुढें हात पसरावा लागणें, हा घोर सर्वांत जुना.

सरकारकडे आमचें मागणें मोठें नाहीं. निवृत्तिवेतन महिन्याच्या पांच तारखेच्या आंत हातीं पडावें, आणि आंगठा उमटला नाहीं म्हणून ज्या दुकानांतून धान्य नाकारलें जातें, त्या दुकानदारास जाब विचारावा.