होय म्हणा, झाला कायदा!

दोस्तांनो, कायदा कसा होतो? अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. बाकं ओरडतात, 'होय!' संपलं. कोण ओरडला, कोण तोंड मिटून बसला, नोंद नाही. याचं नाव आवाजी मतदान. मतविभागणी मागितली तर नावं कागदावर येतात. पण मागायला छाती लागते.

१० जुलै २०२५. विधानसभेत जनसुरक्षा विधेयक असंच मंजूर झालं. संयुक्त समितीकडे १२ हजारांवर सूचना-हरकती गेल्या होत्या. बदल झाले तीन! विरोधात उभा राहिला एकटा विनोद निकोले, डहाणूचा. बाकीच्या विरोधी बाकांनी शंका काढल्या नि विधेयक जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेचाही शिक्का. तारीख ११ जुलै! ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी आपली १० माणसं पाडली. आता संघटना बेकायदा ठरवायची सरकारने, तुरुंगात जायचं सभासदाने.

सभागृहाला वेळ नसतो म्हणे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ ला केला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधे साडेपंधरा वर्षं आपली घरं जळाली, माणसं मेली. आपल्याला द्यायचं तर बैलगाडी, आपल्याला कोंडायचं तर फास्ट लोकल!

म्हणून मागणी एकच : प्रत्येक विधेयकावर मतविभागणी, नावं जाहीर. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या वस्त्यांत आमदार हात जोडत आला की विचारा, त्या दिवशी तू होय म्हणालास की मुका झालास? उत्तर नसेल तर गल्लीतूनच परत धाडा.