यादीतला खोटा पिंगळा

नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात, शहाद्याजवळच्या रानात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तिघा अमेरिकी अभ्यासकांना रानपिंगळा दिसला. त्याआधीची शेवटची खरी नोंद १८८४ ची. ११३ वर्षांनी पक्षी सापडला, याचे कौतुक खूप झाले. मात्र रासमुसेनबाई शहाद्याला आल्या त्या आधी एक यादी दुरुस्त करून, हे फारसे कोणी सांगत नाही.

ॲलन ह्यूमने १८७३ मध्ये वर्णन केलेल्या या पक्ष्याचे मोजकेच नमुने संग्रहालयांत होते. त्यांतला सर्वांत अलीकडचा म्हणे १९१४ चा, दक्षिण गुजरातेतल्या मांडवीचा. चिठ्ठीवर नाव कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांचे. एवढ्या बड्या पक्षितज्ज्ञाच्या अक्षरावर संशय कोण घेणार? रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो घेतला. नमुना बारकाईने तपासल्यावर दिसले की, तो जेम्स डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला जुनाच पक्षी होता. कर्नलसाहेबांनी तो ब्रिटिश संग्रहालयातून लांबवून नव्याने भरला होता आणि त्यावर आपली चिठ्ठी डकवली होती! मांडवी खोडली गेली, तेव्हा शोधाच्या जागा म्हणून जुन्या, अस्सल नोंदींची ठिकाणेच उरली. त्यांतलेच एक शहादे.

आता याद्या संगणकावर गेल्या आहेत. त्याचा फायदा उघड आहे. ह्यूमने रानपिंगळ्याला 'हेटेरोग्लॉक्स' असा स्वतंत्र वंश दिला. आज अनेक जण त्याला आपल्या साध्या पिंगळ्याच्या 'अथीनी' वंशात घालतात. कागदावर अशाने एकाचे दोन पक्षी होतात. संगणकात दोन्ही नावे एकाच नोंदीला बांधता येतात. पण त्याहून महत्त्वाची सोय शंकेची आहे. २००२ मध्ये सुरू झालेल्या 'ई-बर्ड'मध्ये एखाद्या भागात अनपेक्षित पक्षी नोंदवला, की ती नोंद तपासनिसाकडे जाते. 'आयनॅचरलिस्ट'वर छायाचित्र, तारीख आणि जागा समोर असते आणि ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिकांचे एकमत झाल्याशिवाय नोंद अभ्यासाच्या दर्जाची ठरत नाही. तिथे कर्नलला शाळकरी पोरही आव्हान देऊ शकते.

आमच्या सरकारी कारभारात नेमके हेच बसत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची ठरले. कल्पना उत्तम, गावच्या जाणत्यांना रानातले जे ठाऊक आहे ते त्यांच्याच तोंडून टिपायचे. वर्षानुवर्षे काम रेंगाळले, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दंडाचा धाक दाखवला. मुदतीच्या धाकाने रकाने भरतात, रान कोणी पाहत नाही. शेजारच्या गावची यादी उतरवून काढलेली नोंदवही संगणकात चढवली, तर ती फक्त अधिक सुबक दिसेल. उद्या त्या गावात खाण किंवा धरण आले, तर हीच यादी पुढे केली जाईल. खोटा पिंगळा त्यात असेल तर गावाचे म्हणणे वकील दोन मिनिटांत उडवून लावील. खरा पिंगळा त्यात नसेल तर 'इथे काहीच नव्हते' असे म्हणायला सरकार मोकळे.

म्हणून नोंदवहीत आणखी तीन रकाने हवेत: कोणी पाहिले, कोणत्या दिवशी, आणि कोणाला ते पटले नाही. तिसरा रकाना कोणत्याही सरकारी नमुन्यात सहसा सापडत नाही.